शेऱ्याच्या रकान्यातलं गाऱ्हाणं

तीस वर्षं मी लोकांचं बोलणं बदललं आणि त्याचा सरकारी पगार घेतला. तहसील कचेरीत कारकून होतो. लोक माझ्यासमोर बसून मालवणीत सांगायचे आणि मी ते कागदावर मराठीत उतरवायचो. वारसाची नोंद, बांधावरची भांडणं, विहिरीतला हिस्सा, पुरात गेलेली गुरं, जे काय असेल ते. याला जबाब घेणं म्हणतात. समोरचा सांगतो, 'माका म्हायती नाय.' मी लिहितो, 'मला याबाबत माहिती नाही.' तो सांगतो, 'मी थंय गेलंयच नाय.' मी लिहितो, 'सदर ठिकाणी मी उपस्थित नव्हतो.' तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? एक दिवस माझ्या खुर्चीत बसून बघितलं असतंत म्हणजे कळलं असतं.

एकदा मी रजेवर होतो आणि माझ्या जागी घाटावरून नुकताच बदलून आलेला एक कारकून बसला. बांधावरच्या भांडणाचा जबाब होता. साक्षीदार सांगत होता, 'तेणा घरातसून दांडो हाडल्यान.' हाडणे म्हणजे आमच्याकडे आणणे. त्या बिचाऱ्याने काय लिहावं? 'त्याने दांड्याने हाड मोडले.' पुढच्या तारखेला ज्याचं हाड मोडलं तो गृहस्थ डोक्यावर नारळांचं पोतं घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढून आला. साहेबांनी त्याला वर-खाली बघितलं आणि विचारलं, "कुठलं हाड?" तो म्हणाला, "हाड नाय सायबांनू, नारळ आसत."

वेळेची तर आणखी गंमत. आमचा माणूस घड्याळातली वेळ सांगत नाही. 'तो गेलो आणि वायच येळान परत इलो.' वायच म्हणजे थोडा. पण थोडा म्हणजे किती? एका म्हाताऱ्याला मी खोदून खोदून विचारलं, तर तो वैतागून म्हणाला, "भात शिजासर!" आता भात कुठला, चूल कसली, लाकडं ओली की सुकी, हे कसं विचारणार? मी 'सुमारे अर्धा तास' लिहून मोकळा झालो. त्या अर्ध्या तासावर पुढे दोन वकील तासभर भांडले.

सांगायचं एवढंच की या कामात मी वाकबगार होतो, आणि तसं सांगायला मला लाज नाही. नवीन साहेब आले की पहिल्या आठवड्यात मलाच बोलवायचे. "हा काय म्हणतोय?" मी सांगायचो. 'घाटी म्हणजे काय हो?' असंही एका साहेबांनी विचारलं होतं. मी म्हणालो, घाट उतरून आलेला सज्जन माणूस. त्यांना ते आवडलं.

असा मी, शहाणा, एका शब्दावर आपटलो. आणि तेसुद्धा कचेरीत नाही, तर गाण्याच्या स्पर्धेत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा नवाकोरा होता आणि जो तो काहीतरी भरवत होता. मालवणात महिलांची अभंगगायनाची स्पर्धा ठरली. गावातली चार प्रतिष्ठित मंडळी आणि कचेरीतले आम्ही दोघंतिघं अशी समिती होती. अध्यक्ष आमचे नायब तहसीलदार जगताप साहेब. साताऱ्याकडचे, येऊन सहा महिने झालेले, कामाला चोख, पण मासे बघितले की तोंड फिरवायचे. आम्हाला त्यांची दया यायची.

त्याच्या आदल्या वर्षीच्या पहिल्या स्पर्धेत निकाल लागण्याआधीच एका बाईचे नातेवाईक परीक्षकांच्या खोलीत तक्रार घेऊन शिरले होते आणि तिथे एवढी हमरीतुमरी झाली की एक परीक्षक मागच्या दाराने एसटी स्टँडवर गेले ते गेलेच. म्हणून साहेबांनी या खेपेला नियम कडक केले. सातवा नियम असा: निकालापूर्वी परीक्षकांविषयी तक्रार केल्यास ते गैरवर्तन समजून स्पर्धकास बाद करण्यात येईल. नियमांचा मसुदा माझाच. साहेबांनी तो वाचून 'ठीक' म्हटलं तेव्हा मी खूशही झालो होतो.

स्पर्धा एका शाळेत होती. सकाळी पहिली फेरी, त्यातून आठ जणी निवडायच्या, आणि दुपारी त्यांची अंतिम फेरी. मी दाराशी नोंदवही घेऊन बसलो होतो. वहीत पाच रकाने होते: क्रमांक, नाव, गाव, वेळ आणि शेरा. शेरा म्हणजे काही वेगळं घडलं तर ते दोन शब्दांत लिहायची जागा. कोणी उशिरा आलं तर कारण, कोणी अर्ध्यावर थांबलं तर कारण. माझ्या मदतीला कचेरीतला शिपाई म्हादू होता.

अकरा नंबरची बाई कणकवली तालुक्यातली, नांदगावच्या आतल्या एका खेड्यातली. सौ. शेवंती. वय असेल तेवीस-चोवीस. बरोबर सासरे होते, गोविंदतात्या. भात आणि काजू करणारा साधा शेतकरी. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात पिशवी. पहाटेची गाडी पकडून, कणकवलीला बदलून ते दोघं आले होते. नाव त्यांनीच सांगितलं, मी लिहिलं.

"झील मुंबयत आसा कामाक," तात्या न विचारताच म्हणाले. झील म्हणजे मुलगा, तिचा नवरा. "हीचो आवाज देवळात सगळ्यांनी ऐकलो. मी म्हटलंय, वायच भायर पण ऐकांदेत. घरात कोणाक पटणा नव्हता. मी हाडलंय तिका."

ती मागे उभी होती. आमच्याकडे त्या काळी सून सासऱ्याबरोबर गाण्याच्या स्पर्धेला येते, ही गोष्ट लहान नव्हती. आणि ती सासऱ्याने स्वतः आणली होती, ही त्याहून मोठी.

अकरा नंबर पुकारला. कोणी आलं नाही. परत पुकारला. मी म्हादूला रंगमंचाच्या मागे पिटाळलं. तो हसतच परत आला.

"सासरो देवाक गाराणा घालता आसा भाऊ. नारळ ठेवल्यान, पान ठेवल्यान. परीक्षकांसाठी पण घालता आसा. संपला की येतली ती."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवासमोर नारळ ठेवून त्याच्याशी मोठ्याने बोलतात. नांगर धरायचा असो, लग्न असो, होडी पाण्यात लोटायची असो. एक जण बोलतो, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. अमक्याला यश दे, तमक्याला सांभाळ, वाटेतलं वाकडं-तिकडं दूर कर, असं सगळं मागणं. याचं नाव गाराणा. लिहिताना गाऱ्हाणं.

तेवढ्यात शेवंतीबाई आल्या. पाच मिनिटं उशीर झाला होता. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'परीक्षकांविषयी गाऱ्हाणे घालण्यात वेळ गेल्याने पाच मिनिटे उशीर.' रकाना अरुंद होता. 'देवाला' हा शब्द मी गाळला. गाऱ्हाणं दुसऱ्या कोणाला घालणार? आणि गंमत बघा, आयुष्यभर मी एकेक मालवणी शब्द मराठीत बदलत आलो, पण हा शब्द बदलावा असं मनातही आलं नाही. मराठीत तो होताच की.

बाई गायल्या. सुरुवातीला आवाज कापत होता, मग सावरला. त्यांचं नाव आठांत आलं आणि मी दुपारच्या जेवणाच्या व्यवस्थेला लागलो. परीक्षक दोघे, एक कोल्हापूरचे आणि एक गोव्याचे. कोल्हापूरच्यांना सोलकढी तिखट लागली, गोव्याच्यांना कमी तिखट लागली. तिसरा तांब्या मागवावा का, या विचारात मी असताना साहेबांचा निरोप आला.

साहेब नोंदवही मिटून बसले होते. चेहरा गंभीर.

"अकरा नंबर बाद," ते म्हणाले. "परीक्षकांविषयी तक्रार झालीय. नियम सात. सूचना लिहा, मी सही करतो. आत्ताच फळ्यावर लागली पाहिजे, नाहीतर गेल्या वर्षीसारखं होईल."

मला वाटलं, मी जेवणाकडे असताना काहीतरी झालं असणार. तात्या परीक्षकांच्या खोलीत गेले की काय? वाईट वाटलं. पण विचारलं नाही. साहेबांना उलट प्रश्न करायची सवय मला नव्हती आणि कागद पुढे आला की हात आपोआप चालायचा. मी लिहिलं: 'स्पर्धक क्र. ११ सौ. शेवंती यांना परीक्षकांच्या संदर्भात केलेल्या गैरवर्तनामुळे स्पर्धेतून बाद करण्यात येत आहे.' खाली साहेबांची सही आणि शिक्का. म्हादूने तो कागद दर्शनी फळ्यावर नेऊन लावला.

ते वाक्य आता परत वाचा. कचेरीच्या भाषेत त्यात काही खोट नाही. गैरवर्तन म्हणजे नियम मोडणं. पण शाळेच्या पटांगणात दीडेकशे माणसं जेवून हात पुसत उभी आहेत, आणि फळ्यावर लिहिलंय: एक लग्न झालेली बाई, दोन पुरुष परीक्षक, आणि गैरवर्तन. आणि नवरा मुंबईत.

फळ्यापुढे गर्दी जमली. कुजबुज सुरू झाली. कोण ती? खंयची? मी टेबलाशी बसून प्रमाणपत्रांवर नावं घालत होतो, तेवढ्यात गोविंदतात्या समोर येऊन उभे राहिले. टोपी हातात. मागे, खांबाशी, शेवंती.

"भाऊंनू," ते म्हणाले, "गैरवर्तन म्हंजे काय?"

"म्हणजे… नियमाबाहेरचं वागणं, तात्या."

"खंयचा वागणा? कोणाचा? ती सकाळपासना माज्या बाजूक आसा. स्टेजार गावक गेली आणि खाली इली. तेवडोच येळ माज्या नजरेआड. थंय लोक माका बघून हसतत. फाल्या ह्या सगळा आमच्या गावात जातला. परवा मुंबयक जातला. माजो झील थंय काय ऐकतलो? मी तिका घरातसून भायर काडलंय, भाऊंनू. मी. घरातले नको म्हणीत होते."

तात्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"नंबर आमका नको," ते म्हणाले. "पण ह्यो शब्द घेवन मी घराक जावचंय नाय. काय केल्यान तिणा, ता सांगा."

"तुम्ही परीक्षकांकडे तक्रार घेऊन गेला होतात ना?" मी विचारलं.

"मी? तेंची तोंडा पण मी लांबसून बघितलंय!"

म्हटलं, वहीत बघूया. साहेबांच्या टेबलावरून वही मागवली, अकरा नंबरवर बोट ठेवलं, शेरा वाचला. परीक्षकांविषयी गाऱ्हाणे. माझंच वाक्य, माझ्याच शाईतलं. साहेबांनी दुसरं काय समजायचं होतं? सातारच्या माणसाने गाऱ्हाणं वाचलं, तक्रार समजला, नियम लावला. चोख काम. 'देवाला' हे तीन अक्षरांचं नाव लिहायला मला जागा नव्हती, आणि एका बाईचं नाव मी फळ्यावर टांगलं होतं.

तसाच उठलो आणि साहेबांकडे गेलो. तात्यांना म्हटलं, चला माझ्याबरोबर.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. मराठीत लिहिलंय."

"साहेब, आमच्याकडे ते देवाला घालतात. माणसाकडे करतात ती तक्रार, आणि ती करायला लोक आपल्याकडे कचेरीत येतात."

साहेबांनी शाळेतल्या गुरुजींना शब्दकोश आणायला सांगितला. गुरुजी जाडजूड कोश घेऊन आले. साहेबांनी पान काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. गाऱ्हाणे: तक्रार, कागाळी. देव पुढे कुठेतरी बारीक अक्षरात असेल, साहेबांचं बोट तिथवर गेलं नाही.

"बघा," ते म्हणाले. "आणि भाऊसाहेब, राग मानू नका, पण आपल्या भागातल्या माणसासाठी तुम्ही आता अर्थ बदलताय असं मला वाटतंय."

मी साहेबांशी कधी वर आवाज केला नव्हता. त्या दिवशी केला.

"साहेब, अर्थ बदलायचाच मला पगार मिळतो! रोज दहा माणसांचं बोलणं बदलून लिहितो. आज एक शब्द तसाच ठेवला, तेच चुकलं. चूक माझी आहे. मला काय ती शिक्षा करा. पण त्या बाईचं नाव काढा तिथून."

दारात म्हादू, परीक्षक, समितीतली मंडळी, सगळे येऊन उभे राहिले होते. साहेबांनी तात्यांकडे बघितलं.

"आजोबा, सकाळी तुम्ही काय बोललात ते जसंच्या तसं इथे बोलाल?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "देव खंय आसा हंय?"

गुरुजींनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. तात्यांनी पिशवीतून सकाळचाच नारळ काढला. टेबलावर शब्दकोश होता, तो जरा बाजूला सारून तिथे नारळ ठेवला, टोपी घातली, हात जोडले. आणि बोलले ते असं, की तोच मघाचा माणूस आहे हे खरं वाटेना.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दारातून म्हादू. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"आज ह्या मालवणच्या जाग्यार माजी सून तुजा नाव गावक इली आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता चार-पाच आवाज. त्यात माझाही.

"चार माणसांत ती पयल्यांदा उबी ऱ्हवता. तिचो हात थरथरता, तो थांबव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"परीक्षक म्हणान जे दोगे इलेत, ते लांबसून इलेत. तेंका हंयचा पाणी बाधा नये, हंयचा जेवाण सोसांदे, आणि ऐकताना तेंका झोप येव नये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यात मोठ्याने गोव्याचे परीक्षक म्हणाले. त्यांच्याकडेही हाच रिवाज असतो.

"हंय जितक्यो बायो गावक इल्यो आसत, तेंका सगळ्यांका यश दी. आणि माज्या सुनेक वायच जास्त दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लोक हसले. तात्या हसले नाहीत. थोडं थांबून त्यांनी सकाळी नसलेली एक ओळ घातली. "आणि हे जे सायेब आसत, ते आपली माणसा सोडून हंय येवन ऱ्हवलेत. तेंच्या मनात जा काय वाकडा इला आसात, ता सरळ कर आणि तेंका सुखात ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साऱ्या खोलीने म्हटलं.

साहेब केव्हा उभे राहिले ते मला कळलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कोल्हापूरच्या परीक्षकांनी विचारलं, "यात आमच्याविरुद्ध काय आहे? आमच्या पोटाची एवढी काळजी कोणी केली नव्हती."

"काही नाही," साहेब म्हणाले. "भाऊसाहेब, ती सूचना काढून घ्या. बाई दुपारी गातील."

माझा जीव भांड्यात पडला. पण तात्या जागचे हलेनात.

"सायबांनू, लावताना सगळ्यांका दिसात अशी लावलात. काडताना गपचीप कित्याक?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी सांगतो माइकवर."

माइकवरून मी तोवर शेकडो सूचना दिल्या असतील. सगळ्या कचेरीच्या भाषेत. त्या दिवशी रंगमंचावर उभा राहिलो, 'सर्व उपस्थितांना कळविण्यात येते की' एवढं तोंडात आलं आणि अडकलो. समोर पाच-सहा ओळींमागे शेवंती बसली होती, मान खाली घालून. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कोण बसणार शेजारी?

मग मी घरात बोलतो तसं बोललो. "आयकलात काय? फळ्यार जो कागद लावललो तो खोटो. अकरा नंबरच्या बायचो काय एक गुनो नाय. तेंच्या सासऱ्यान देवाक गाराणा घातल्यान, आणि माका ता धड लिवक जमला नाय. चूक माजी. काय बोलूचा ता माका बोला, तिका नको."

मागून कोणीतरी ओरडला, "भाऊ, आज पयल्यांदा कळला तुमी काय बोलतास ता!" आणि सगळं सभागृह हसलं. मीपण हसलो, कारण दुसरं काय करणार होतो! आणि हसताना बघितलं, एक वयस्कर बाई उठून आपली पिशवी घेऊन शेवंतीच्या शेजारी जाऊन बसली. मग दुसऱ्या बाजूला आणखी एक.

दुपारी ती गायली. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण हात थरथरत नव्हता एवढं मी बघितलं. तिसरी आली. पहिली आली असती तर गोष्ट आणखी छान झाली असती, पण पहिल्या दोघी खरंच चांगल्या गायल्या होत्या. तात्यांना तिसरा नंबर पहिल्याहून जास्त वाटत असावा. प्रमाणपत्र त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं.

सोमवारी साहेबांनी मला लेखी खुलासा विचारला. नियम म्हणजे नियम. मी खुलासा दिला: 'जागेअभावी एक शब्द राहून गेला.' त्यावर साहेबांनी शेरा मारला, 'यापुढे जागा ठेवावी', आणि फाइल बंद केली. पुढे तीन वर्षं ते इथे होते. बदली झाली तेव्हा निरोप समारंभात म्हादूने गाऱ्हाणं घातलं, आणि साहेब सगळ्यांच्या आधी 'व्हय महाराजा' म्हणाले. उच्चार साताऱ्याचाच होता.

हे सगळं आठवलं की सुटल्यासारखं वाटतं, अजूनही. चार तासांत चूक झाली, चार तासांत निस्तरली. पण एक रुखरुख आहेच. तात्या विचारायला आले म्हणून हे कळलं. बाकी इतक्या वर्षांत माझ्या किती वाक्यांखाली लोकांनी मुकाट्याने अंगठे उठवले असतील आणि काय घेऊन घरी गेले असतील, कोण जाणे. त्यानंतर मी जबाब हळू लिहायला लागलो. साहेब लोक कुरकुरायचे, भाऊसाहेब म्हातारे झाले म्हणायचे. म्हणू देत.

बक्षीस समारंभ झाल्यावर मी वही बांधत होतो. तात्या गाडीची चौकशी करायला स्टँडवर गेले होते. शेवंती एकटीच टेबलाशी आली. दिवसभरात तिचं एक अक्षर मी ऐकलं नव्हतं, गाण्याखेरीज.

मी हात जोडले. "बाय, माझ्याकडून फार मोठी चूक झाली."

"मी वाचलंय तुमचो कागद," ती म्हणाली. "सातवी शिकलंय मी."

मला वाटलं होतं, कोणीतरी गावातल्या माणसाने तात्यांना वाचून सांगितलं असेल.

"मामंजींका वाचूक येणा नाय," ती म्हणाली. "फळ्यार पयल्याच ओळीत माजा नाव होता. ते म्हणाले, काय लिवलाहा ता वाच गो. म्हणान मीच वाचून दाखवलंय."

"सगळं? तो शब्दसुद्धा?"

"व्हय. लपवून काय करतलंय? थंय लोक होते. कोणी तरी सांगलाच असता."

माझ्याने तिच्याकडे बघवेना. तरी विचारलंच. "मग? तात्या काय म्हणाले?"

ती पहिल्यांदा हसली. जरासंच.

"तेनी माका काय एक इचारल्यानी नाय. म्हणाले, ह्यो शब्द आपल्या घरातलो नाय. चल, ज्येना लिवल्यान तेका इचारूया."